बारा सेकंदांचं रक्त

सर रोज सकाळी सव्वासात वाजता स्वतःच्याच हातातून रक्त काढत. डाव्या दंडाला रबरी नळी गुंडाळायची, तिचं एक टोक दातांत धरून ताणायचं, उजव्या हाताने सुई शिरेत घालायची आणि तोंड अडकलेलं असल्यामुळे नाकातून नुसतं 'हं' म्हणायचं. 'हं' आलं की मी कापूस पुढे करायचा. लॅबमध्ये नोकरीला लागले त्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "मालक थोडे वेडे दिसतायत." त्या वेड्या माणसाकडे मी पुढे सोळा वर्षं काम केलं. आजही कुणी फार मन लावून काम करणारा दिसला, की मी त्याला मनातल्या मनात सरांशेजारी उभं करून बघते. अजून तरी कुणी त्यांच्या खांद्याला लागलेलं नाही.

लॅब सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर होती. दोन खोल्या, मागे गॅलरी आणि बाहेर पेशंटांसाठी एक लाकडी बाक. साखर, हिमोग्लोबिन वगैरे सगळं आम्ही करायचो, पण सरांचं नाव होतं ते एकाच तपासणीसाठी. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असते त्यांच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूत गेली की माणूस अर्धांगाने आडवा होतो. म्हणून अशा माणसांना रोज एक गोळी घ्यावी लागते. लोक तिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. सरांसमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "पातळ आमटी होते. रक्त फक्त गोठायला वेळ लावतं," असं ते समोरच्याला ऐकवायचे. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर हिरड्यांतून, पोटात, वेळ वाईट असली तर मेंदूतच रक्तस्राव. मधली जागा फार अरुंद असते, आणि ती सेकंदांत मोजावी लागते.

आता हे यंत्र करतं. तेव्हा सर करायचे. रक्त चक्रीत गरगर फिरवून वर आलेलं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, काचेच्या बारक्या नळीत घ्यायचं. नळी अंगाइतक्या कोमट पाण्यात धरायची. रक्त गोठवणारं औषध, म्हणजे रिएजंट, त्यात सोडायचं आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं. मग नळी तिरकी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरकी करायची, आणि पाण्यात पहिला पांढरा तंतू दिसला की घड्याळ थांबवायचं. माझा तंतू आणि सरांचा तंतू यांत सुरुवातीला दोन सेकंदांचा फरक पडायचा. मला दिसायच्या आधी त्यांना दिसायचा. हे कसं, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही तंतूची वाट बघता. मी पाणी बघतो." मला ते कळायला वर्ष लागलं.

नळी हातात असताना लॅबमध्ये कुणी बोलायचं नाही. एकदा एक बडे गृहस्थ दारातून ओरडले, "डॉक्टर आहेत का?" सरांनी मान वर केली नाही. तंतू दिसला, घड्याळ थांबलं, आकडा लिहिला, आणि मग ते वळून म्हणाले, "आहेत. पण आपल्यासाठी पंचवीस सेकंद नव्हते."

रिएजंट सर स्वतःच बनवायचे, बोकडाच्या मेंदूपासून. स्वतः कांदासुद्धा न खाणारा हा माणूस महिन्यातून एकदा सकाळी स्टीलचा डबा घेऊन सायकलवर इस्माईलभाईंच्या मटणाच्या दुकानात जायचा आणि दोन ताजे भेजे घेऊन यायचा. गॅलरीत बसून त्यांवरचा पापुद्रा सोलायचा, खलबत्त्यात ॲसिटोन घालून कुटायचा आणि वाळवून त्याची पिवळट भुकटी करायचा. जिना त्या वासाने भरून जाई. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी एकदा न राहवून विचारलं, "डॉक्टर, डब्यात काय आणता हो दर महिन्याला?" सर म्हणाले, "मेंदू. आपल्याला हवा आहे का?" काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

तर अशा घरगुती भुकटीचा जोर दर खेपेला थोडा कमीजास्त असणारच. म्हणून रोज सकाळी सगळ्यांत आधी एखाद्या निरोगी माणसाचं रक्त लावून बघायचं असतं. ते आमचं माप. त्याला आम्ही कंट्रोल म्हणायचो. कंट्रोल बारा सेकंदांत गोठला आणि पेशंट चोवीसमध्ये, तर पेशंट दुप्पट, म्हणजे ठीक. दुप्पट-अडीचपटीत तो राहिला की सगळ्यांना झोप लागते. बाकीच्या लॅबांत जो हाताशी सापडेल त्याचं रक्त कंट्रोल म्हणून चालायचं. पुस्तकात तर लिहिलं होतं की चारपाच जणांचं एकत्र करावं. आमच्याकडे कायम एकच कंट्रोल, आणि तो म्हणजे सर.

मी एकदा पुस्तक उघडून दाखवलं. सर म्हणाले, "दहा जणांचं एकत्र केलं की त्यातला बिघडलेला लपून बसतो."

"आणि सर, तुम्हीच बिघडलात तर?"

"मी बिघडत नाही."

आज मंगळवार आहे असं सांगावं तितक्या शांतपणे त्यांनी ते सांगितलं. त्यात फुशारकी नव्हती. स्वतःचं रक्त बारा सेकंदांवर राहावं म्हणून हा माणूस वीस वर्षं वाण्याच्या वजनासारखा जगत होता. सकाळी उपमा, दुपारी वरणभात आणि दुधीची भाजी, रात्री पुन्हा तेच. लग्नामुंजींना जायचे, अक्षता टाकायचे आणि न जेवता परत यायचे. डोकं दुखलं तर गोळी नाही, ताप आला तर पाणी. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नव्हतं. केलं असतं तर बायकोने महिन्याभरात तो दुधी खिडकीबाहेर फेकला असता.

पेशंटांच्या जेवणावरही त्यांची नजर असे. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, "काल काय जेवलात?" कारण पालेभाज्या ह्या गोळीच्या विरुद्ध काम करतात. "मेथी खा नाहीतर खाऊ नका, पण रोज सारखं वागा," असं ते बजावायचे. एका वहीत त्यांनी कित्येक वर्षांच्या भाज्या टिपल्या होत्या. श्रावण लागला की अळू, माठ, राजगिरा यांनी पुण्यातली रक्तं जराशी लवकर गोठायला लागतात, हे त्यांनी त्या वहीतून काढलं होतं. श्रावण जवळ आला की ते डॉक्टरांना आधीच कळवून ठेवत. हे कुठल्या पुस्तकात होतं की नाही मला माहीत नाही. मी तरी ती वही बघून थक्क झाले होते.

रक्त काढताना ते प्रत्येकाची नाडीही धरायचे, मग तो साखर तपासायला आलेला का असेना. नाडी कशीही, वेडीवाकडी पडत असेल तर त्याच दुपारी त्याच्या डॉक्टरांना पोस्टकार्ड जाई. 'आपल्या रुग्णाची नाडी अनियमित आहे. अर्धांगाचा धोका संभवतो. गोळीचा विचार व्हावा.' झडप नसलेल्यांनाही, नुसती नाडी बिघडली असली तरी ही गोळी अर्धांगापासून वाचवते, असं परदेशातलं संशोधन तेव्हा नुकतंच पुढे येत होतं. सर ती मासिकं कुठून कुठून मिळवून वाचायचे. कित्येक डॉक्टर चिडायचे. सरांना फरक पडत नव्हता. पेशंटांना तर ते स्वतःची नाडी स्वतः बघायला शिकवायचे. दोन बोटं कुठे ठेवायची, किती दाबायचं, ठेका चुकला तर कसा लागतो, सगळं.

एवढा ध्यास कशाचा, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही खलबत्त्यात कुटता कुटता. त्यांच्या आईला अर्धांग झाला होता. त्यानंतर अकरा वर्षं तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा, 'उद्या'. भूक लागली तरी उद्या, दुखलं तरी उद्या, मुलगा परीक्षेत पहिला आला तरी उद्या. "गुठळी मोहरीएवढी असेल," सर म्हणाले आणि पुन्हा कुटायला लागले. मी गॅलरीतून आत गेले, कारण मला रडू आलं होतं.

माझ्या नोकरीचं दहावं-अकरावं वर्ष असेल. त्या श्रावणात कंट्रोल हलला. आधी तेरा, मग चौदा, एका सकाळी पंधरा. सर म्हणाले, "श्रावणात बोकड कमी कापतात. इस्माईलभाईंनी शिळा भेजा दिला असणार. भुकटीला जोर नाही." भुकटी कमजोर असेल तर सगळ्यांचंच रक्त सारखं उशिरा गोठतं, म्हणून पंधरा तर पंधराच्या पटीत मोजायचं, त्यात चूक काही नव्हती. पण त्याच दिवसांत एकेका पेशंटची पट उतरायला लागली. दुप्पट असलेले दीडपटीवर आले. सरांनी वही उघडली. "श्रावण. अळू." अहवालांवर 'गोळी अपुरी पडते' असं लिहून गेलं आणि डॉक्टरांनी डोस वाढवले. मीही मान डोलावली. सगळं जुळत होतं ना!

इस्माईलभाईंची बायको नूरभाभी आमची सगळ्यांत जुनी झडपवाली पेशंट. तिचाही डोस त्या आठवड्यात अर्ध्या गोळीने वाढला होता. ती तपासणीला आली तेव्हा मी बाही वर केली, तर कोपराखाली तळहाताएवढा काळानिळा डाग.

"काय लागलं, भाभी?"

"काही नाही हो, बादलीची कडी लागली. जरासं लागलं, आणि हे बघा केवढं झालं."

मी रक्त काढलं, नेहमीप्रमाणे विचारलं, "काल काय जेवलात?"

"काय जेवणार? ह्या महिन्यात गिऱ्हाईक नाही, दुकानातलं उरलेलं घरीच येतं. रोज मटण. कंटाळा आला बघा."

 ह्या बाईने महिन्याभरात पालेभाजीचं पानसुद्धा खाल्लं नव्हतं. मग तिची पट कशाने उतरली होती?

मी तिला बाकावर थांबायला सांगितलं. आत येऊन दाराला कडी लावली, स्वतःच्या हातातून रक्त काढलं आणि त्याच बाटलीतल्या रिएजंटवर लावलं. बारा. पुन्हा लावलं. बारा. तिसऱ्यांदा लावलं. बाराच आले. मग भाभीचं लावलं. चौतीस. सरांच्या पंधराच्या हिशोबाने ते ठीकठाक दिसत होतं. माझ्या बाराने मोजलं तर तिपटीकडे चाललं होतं. बादलीची कडी हाताला लागली म्हणून डाग पडला. हीच बाई घसरून डोक्यावर पडली असती तर?

सर आतल्या खोलीत डबा खात होते. दहा वर्षांत मी त्यांना एकदाही चुकलेलं पाहिलं नव्हतं. हे सांगायला तोंड कसं उघडलं कुणास ठाऊक.

"सर, नूरभाभींच्या घरी श्रावण कुठला?"

घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी माझं रक्त लावलं, सर. ह्याच रिएजंटवर. बारा आले."

"तीनदा लावलंत?"

"तीनदा."

डबा तसाच ठेवून ते उठले, हात धुतले, आणि माझं रक्त स्वतः काढून स्वतः लावलं. बारा. मग स्वतःचं. आम्ही दोघं त्या नळीकडे बघत होतो. बारा गेले, तेरा गेले, चौदा गेले. पंधराला तंतू आला. 

"म्हणजे बोकड निर्दोष आहे," सर म्हणाले. आकडा लिहून म्हणाले, "मी बिघडलो."

दुसरा कुणी असता तर दोन दिवस विचार करत बसला असता, किंवा नव्या तपासणीच्या नावाखाली सगळं गुपचूप दुरुस्त केलं असतं. सरांनी भाभीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पहिलंच वाक्य बोलले, "माझे अहवाल महिनाभर चुकीचे आहेत." मग बाहेर येऊन बाकासमोर उभे राहिले.

"भाभी, आज गोळी घ्यायची नाही. उद्याही नाही. डॉक्टरांशी बोललोय. तुमचं रक्त बरोबर होतं, माझं चुकलं. तुमच्या जिवावर बेतलं असतं."

इस्माईलभाई भाभीला न्यायला आले होते, ते दारातच थबकले. आता हा माणूस काय बोलणार, म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. इस्माईलभाई सरांच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होते.

"साहेब, आधी खाली बसा तुम्ही. पाय बघा किती सुजलेत. आणि दम का लागलाय?"

तेव्हा मला एकदम सगळं दिसलं. महिनाभर सर जिन्यात थांबत होते, चपलेचा पट्टा सैल करत होते. मी ते रोज बघत होते आणि तरी मला दिसलं नव्हतं. सर बाकावर बसले. भाभी सरकून त्यांच्याशेजारी आली आणि तिने त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नेमकी जागा, नेमका दाब. त्यांनीच शिकवलं होतं तसं.

"इतकी वर्षं माझी बघितलीत," ती म्हणाली. ठोके मोजले. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ही तर माझ्यासारखीच चालतीय. वेडीवाकडी."

अर्ध्या पुण्याची नाडी धरणाऱ्या माणसाने स्वतःची कधी धरली नव्हती. धरून काय करायचं, ते तर बिघडतच नव्हते!

मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता हार्टच्या डॉक्टरांकडे. सरांनी हात सोडवून घेतला आणि महिन्याभराच्या अहवालांची फाइल उघडली. चुकीचे अहवाल गेलेली एकोणतीस माणसं होती.

"माझी नाडी उद्याही वाकडीच असेल," ते म्हणाले. "ह्यांची गोळी आज रात्रीची आहे."

ज्यांच्याकडे फोन होते त्यांना मी फोन केले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्याकडे आम्ही गेलो. सायकल चालवण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं, म्हणून सर माझ्या मोपेडवर मागे बसले. शनिवार पेठ, नारायण पेठ करत आम्ही पार कोथरूडपर्यंत गेलो. प्रत्येक दारात तेच वाक्य, "माझ्या रक्ताने माप चुकलं. वाढवलेली गोळी आज घेऊ नका, डॉक्टरांना आत्ता विचारा, उद्या पुन्हा रक्त द्या." कोथरूडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. मी म्हटलं, मी सांगून येते. ऐकतील तर सर कसले! प्रत्येक वळणावर पायरीवर बसत, उठत ते वर पोचले. दार उघडणारे निवृत्त गृहस्थ भडकले. "अहो, तुमच्या कागदावर आम्ही जगतो! उद्या आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?"

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरोबर आहे आपलं," म्हणाले. "रक्त माझ्याकडे देऊ नका वाटल्यास. पण उद्या कुठेतरी द्याच."

खाली उतरताना मी रडत होते आणि ते कठड्याला धरून मला विचारत होते, "आता किती राहिले?" तीन राहिले होते. तेही आम्ही पुरे केले. मी देवळात जाते, सणवार करते, पण त्या संध्याकाळी मोपेडच्या आरशात तो घामाने भिजलेला चेहरा बघताना मला जे वाटलं ते देवळात अजून वाटलेलं नाही.

एकोणतीसपैकी एकालाही काही झालं नाही. भाभीचा डाग पंधरा दिवसांत पिवळा पडून गेला.

दुसऱ्या दिवशी हार्टच्या डॉक्टरांनी तपासलं. ठेका चुकून चुकून हृदय थकलं होतं, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक बनवणाऱ्या यकृताला सूज आली होती, आणि रक्ताला उशीर होत होता तो त्यापायी. औषधं सुरू करायची, सूज उतरली की अर्धांग टळावा म्हणून ती गोळी, कायमची. सर म्हणाले, "गोळी नको. ती घेतली की मी कंट्रोल राहत नाही."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. टेबलावरच्या काचेखालून एक जुनं पोस्टकार्ड काढून त्यांच्यापुढे सरकवलं. 'आपल्या रुग्णाची नाडी अनियमित आहे. अर्धांगाचा धोका संभवतो.' सरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"अक्षर बरं आहे," ते म्हणाले आणि औषधांची चिठ्ठी खिशात घातली.

महिनाभर त्यांनी विश्रांती घेतली. मधल्या काळात लॅबमध्ये त्यांनी सांगितल्याप्रमाणे तीन जणांचे कंट्रोल लागायला लागले, मी आणि खालच्या छापखान्यातले दोघं. तिघांचं एकत्र नाही, वेगवेगळं. एक बिघडला तर बाकीच्या दोघांनी सांगायचं.

मग एका सकाळी सव्वासातला जिन्यात त्यांची पावलं वाजली. ते आत आले नाहीत. बाहेरच्या बाकावर, नूरभाभी बसायची त्या कोपऱ्यात बसले. मी ट्रे घेऊन बाहेर आले. रोजचंच विचारलं.

"काल काय जेवलात, सर?"

"वरणभात आणि बटाट्याची भाजी. दुधी सोडला." मग म्हणाले, "मला तो कधीच आवडत नव्हता."

मला हसू आलं.

"कंट्रोल लावला?"

"लावला."

"तिघांचा वेगळा?"

"वेगळा. तिन्ही बारा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तंतू यायच्या आधी पाण्याकडे बघायचे तसं. मग डावी बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. वीस वर्षांच्या सुयांनी तिथली कातडी जाड झाली होती. रबरी नळी मी बांधली, नाडी बघितली, सुई घातली. त्यांच्या तोंडात आज काहीच नव्हतं, तरी सवयीने नाकातून 'हं' आलं.

मी कापूस पुढे केला.